बावीस पायऱ्या

सकाळी सावली पूर्वेच्या भिंतीशी असते,
आम्ही दोन्ही खुर्च्या तिथे नेतो.
अकरापर्यंत ती आखडत उंबऱ्याएवढी होते,
मग कमानीखाली.
चारनंतर मार्दिनचे दगड
दिवसभर प्यालेलं ऊन ओकायला लागतात,
तेव्हा खुर्च्या कुठेही ठेवा, सारखंच.

शेहमूस म्हणतो,
पन्नास वर्षं भट्टीपुढे बसून
अख्ख्या गावाच्या भांड्यांना कल्हई केली मी,
हे ऊन मला काय शिकवणार?
आणि पाणी पीत नाही.
दवाखान्यातली पोरगी म्हणाली होती,
या वयात तहान लागते, पण सांगायला विसरते.
म्हणून मी ज्येष्ठमधाचं काळं सरबत करते,
त्याच्यापुढे ठेवून म्हणते,
बघ बरं, कडू झालंय का.
तो तीन पेले तपासतो.
रोज.

वेलातने श्टुटगार्टहून पैसे पाठवून
भिंतीवर गार हवेचं मशीन बसवलंय.
रिमोट मी पिशवीत गुंडाळून ठेवलाय, धूळ नको म्हणून.
आई, चालू आहे ना? तो फोनवर विचारतो.
मी फोन पंख्याजवळ धरते.
ऐक, म्हणते.

पूर्वी जून लागला की आम्ही गच्चीवर राहायला जायचो.
लोखंडी पलंग, त्याच्या पायांखाली पाण्याचे चार डबे,
विंचू चढू नयेत म्हणून.
खाली पसरलेलं काळं मैदान
आणि लांब, सरहद्दीपलीकडचे दिवे.
त्यातला एक माझ्या बहिणीचा.
कोणता, ते मी लग्नाच्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

दोन उन्हाळे झाले, गुडघे नाही म्हणाले.
पलंग वर, आम्ही खाली,
मध्ये बावीस पायऱ्या.

काल रात्री साडेदहाला वीज गेली.
पंख्याची पाती आधी मोजता येऊ लागली, मग थांबली.
भिंतीला हात लावला तर
तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ.
शेहमूस काही न बोलता उठला
आणि जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसला.
मग दुसरीवर बसला.
मग म्हणाला, येतेस?

असे आम्ही बसत बसत, उलटे, वर गेलो,
पायांखाली अंगण लहान होताना बघत.
नवव्या पायरीवर हसू आलं म्हणून थांबलो.
चौदाव्या पायरीवर दम लागला म्हणून.
सतराव्या पायरीवर तो म्हणाला, इथेच झोपू.
मी त्याला कोपराने ढोसलं.

वर वारा होता. फार नव्हता,
पण कुणाच्या हातातला नव्हता.
डबे गंजले होते, गादी नव्हती,
पलंगाच्या पट्ट्यांवर मी माझी शाल टाकली.
तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून, अंधारातून,
हझने, तूसुद्धा?
ब्याऐंशी वर्षांची बेस्रा
लेकरासारखी रांगत चढली होती,
गळ्यात पिशवी, पिशवीत अर्धं कलिंगड.
उतरणार कशी गं?
उद्याचं उद्या, ती म्हणाली. फोड देऊ?

कठड्यावरून हात लांब करून फोड घेतली.
लाल त्याला दिलं.
सालीकडचं पांढरं गार होतं, ते मानेवर धरलं.
सरहद्दीपलीकडे आता दिवे कमी झालेत.
माझा होता.
किंवा त्याच्या शेजारचा असेल.
मी तोच धरला.

सहाला ऊन थेट पलंगावर.
गल्लीत नगरपालिकेचं गाढव कचऱ्याच्या टोपल्या घेऊन उभं,
मागे फेय्याझ.
शेहमूसने कठड्यावरून हाक मारली,
अरे वर ये जरा, दोन नग उतरवायचेत,
जपून, कल्हई जुनी आहे.
फेय्याझने टोपी मागे सारली, वर बघितलं
आणि म्हणाला,
आज सकाळपासून हे चौथं घर.